तिसरा ठिपका

शार्दूलच्या फुंकणीवरचा तिसरा ठिपका मनवाला दिसला, तेव्हा तो भेळ आणायला गेला होता. नवरात्रातला रविवार होता. रंकाळ्याच्या कठड्यावर माणसं दाटीनं बसली होती. तिनं सहज त्याची फुंकणी उचलली, एक झुरका घेतला आणि तो घशाखाली जायच्या आतच तिला कळलं की ही चव त्या दोघांची नाही.

त्या यंत्राला कंपनीनं काहीतरी परदेशी नाव दिलं होतं, पण जाहिरातीबाहेर ते कुणी घेत नसे. बोटाएवढी धातूची नळी, ओठांत धरायची. म्हणून कोल्हापूरच्या पोरांनी तिला फुंकणी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव सगळीकडे पसरलं. निकोटिनच्या ई-सिगारेटींवर बंदी होतीच. ही त्या बंदीतून वाट काढून आलेली. हिच्यात निकोटिन नव्हतं, धूर नव्हता, राख नव्हती. घरच्यांनी विचारलं की उत्तर ठरलेलं असे, "अहो, नुसती वाफ आहे. सर्दीला घेता तशी." ज्या मुलांनी सिगारेट ओढणाऱ्या मामाला नावं ठेवली असती, ती मुलं फुंकणी पेनासारखी शर्टाच्या खिशाला लावून परीक्षेला बसत.

फुंकणीची खरी करामत उलट्या श्वासात होती. माणूस बाहेर टाकतो त्या हवेत शेकडो वायुरूप संयुगं असतात. जेवण, झोप, धावपळ, मनाची धडधड या सगळ्यांचा अंश त्यात उतरतो, आणि त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं असतं. वाफ ओढून झाली की श्वास त्याच नळीत सोडायचा. आतली चकती तो श्वास टिपून घेई, यंत्र त्याचा नमुना वाची आणि सोळा बारीक कुप्यांमधून पुढच्या झुरक्याची चव जुळवी. तुमची चव तुमचीच, दुसऱ्या कुणाला मिळायची नाही.

नळीच्या अंगावर ठिपके होते. ओळखीच्या प्रत्येक श्वासाचा एक ठिपका. ज्याचा वापर जास्त, त्याचा ठिपका ठळक, आणि वापरणं थांबलं की तो हळूहळू विझत जाई. एकाच फुंकणीत दोघांचे श्वास नेमानं गेले की यंत्र त्या दोन नमुन्यांच्या मधली एक तिसरीच चव तयार करी. तिला जोडचव म्हणत. कंपनीचा सगळा धंदा या जोडचवीवर चालला होता. कॉलेजात आता 'त्यानं विचारलं का' असं कुणी म्हणत नसे. 'ठिपका दिला का?' एवढंच विचारत.

मनवा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती. गरम वाफेत काय काय तयार होतं हे तिला पाठ होतं आणि म्हणून दोन वर्षं ती फुंकणीपासून लांब राहिली होती. शिवाय तिला उष्टं चालत नसे. सख्ख्या बहिणीच्या ग्लासातलं पाणी ती पीत नसे. शार्दूलनं फुंकणी पुढं केली तेव्हा मात्र तिनं ओठांना लावली होती, आणि आपण हे केलं याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं होतं. त्यांची जोडचव कैरी आणि लवंगेच्या जवळ जाणारी होती. थोडी आंबट, मागून उष्ण.

आताची चव गोड होती. जास्त पिकलेल्या फळाची, साल काळी पडू लागलेल्या पेरूची असावी तशी. वाईट नव्हती. तिला राग आला तो त्याचाच.

तिनं नळी उजेडाकडं धरली. तिचा ठिपका जेमतेम दिसत होता. त्यात आश्चर्य नव्हतं, प्रबंधाच्या घाईत तिनं बरेच दिवस फुंकणी घेतली नव्हती. पण शार्दूलचा स्वतःचा ठिपकाही मंदावला होता. आणि तिसरा लख्ख होता.

म्हणजे त्यानं फुंकणी कुणाला तरी देऊनच टाकली होती.

शार्दूल भेळ घेऊन आला. कठड्यावर टेकला, पिशवीतून एक जांभळी बाटली काढली आणि दम न घेता अर्धी संपवली.

"एवढं तिखट नाहीये," मनवा म्हणाली.

"तहान लागली गं."

"ही बाटली कुणाची?"

"पूर्वजाची. माझी लहान पडते. तालमीत घसा कोरडा होतो." त्यानं उरलेलं पाणीही संपवलं. "तू खा ना. मला नको फारसं. आलो हं मी."

तो फोन हातात घेऊनच उठला आणि गर्दीत शिरला. परत येऊन बसला, दोन वाक्यं बोलला आणि पुन्हा उठला. "आलो हं." मागच्या आठवड्यात नाटकाला गेले होते तेव्हाही तो असाच दोनदा उठून गेला होता. तेव्हा ती काही बोलली नव्हती. आताही बोलली नाही. पाठमोरा जाताना त्याची पँट कमरेवर ढिली दिसत होती. दीड महिन्यात तो चांगलाच बारीक झाला होता. माणूस कुणासाठी बारीक होतो, असा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिथंच बसून राहिला.

निघताना तिनं फुंकणी मागून घेतली. "दोन दिवस राहू दे माझ्याकडं."

तो क्षणभर थांबला. त्यानं तिच्याकडं वेगळ्याच नजरेनं पाहिलं, मग नळी दिली. "लवकर दे पण," तो म्हणाला. तो क्षणभराचा उशीर मनवानं घट्ट लक्षात ठेवला.

पूर्वजा तिची वसतिगृहाच्या खोलीतली जोडीदार. कॉमर्सला होती, आणि राज्य स्पर्धेच्या एकांकिकेत शार्दूलच्या बायकोचं काम करत होती. नवरात्रात तिचं सगळं कडक असे. नऊ दिवस पायांत चप्पल नाही आणि तोंडात अन्न नाही. सकाळी एक केळं, संध्याकाळी ताक. मनवा खोलीत आली तेव्हा ती पलंगावर बसून तळपाय ओल्या फडक्यानं पुसत होती.

"काय मॅडम, फिरून आलात व्हय?" पूर्वजा म्हणाली. "आमचा नवरा कसा आहे?"

"कोणता नवरा?"

"तुझाच की. तालमीपुरता माझा." ती हसली. "काय झकास दिसायला लागलाय गं! गालफडं बसलीत, डोळे खोल गेलेत. तो भूमिकेसाठी उपाशीच राहतोय, असं सर परवा सगळ्यांसमोर म्हणाले. मी म्हटलं, उपाशी मी आणि नाव याचं."

"तुझी बाटली त्याच्याकडं आहे."

"असू दे. देवीला कलश चढवावा तशी तोंडाला लावतो." तिनं फडकं पिळलं. "एवढं काय तोंड पाडायला झालंय?"

"काही नाही."

मनवा भिंतीकडं तोंड करून पडली. पूर्वजा गुणगुणत होती. ती गुणगुणणं बंद करावं असं मनवाला वाटलं. मग वाटलं, नको, चालू राहू दे, म्हणजे द्वेष करायला सोपं जाईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळा रिकामी होती. मनवानं फुंकणीचं झाकण उघडून श्वास टिपणारी चकती चिमट्यानं बाहेर काढली. असं करायला तिला परवानगी नव्हती, पण प्रयोगशाळेतल्या पृथक्करणाच्या यंत्रावरचा हात तिचाच सगळ्यांत सराईत होता. चकती तापवली की तिनं धरून ठेवलेली संयुगं सुटतात. ती एका लांब, केसासारख्या बारीक नळीतून जातात, आणि प्रत्येकाला पलीकडं पोचायला वेगळा वेळ लागतो. पडद्यावर त्यांची शिखरं उमटतात. शिखर कुठं आहे यावरून पदार्थ कळतो आणि किती उंच आहे यावरून प्रमाण.

पहिली शिखरं फुंकणीतल्या सुगंधांची होती. ती तिनं बाजूला ठेवली. मग आयसोप्रीन, ते सगळ्यांच्याच श्वासात असतं. आणि मग एक शिखर असं चढलं की पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडलं.

ॲसिटोन.

मनवा खुर्चीत मागं टेकली. तिला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटतंय याची तिला लाजही वाटली नाही. शरीराला जेवणातून साखर मिळेनाशी झाली की ते चरबी जाळायला लागतं. चरबी जळताना यकृतात जे तयार होतं, त्यातून ॲसिटोन सुटतं आणि फुप्फुसांवाटे बाहेर पडतं. म्हणून कडक उपवास करणाऱ्याच्या तोंडाला गोडसर वास येतो. जास्त पिकलेल्या फळाचा.

तिच्या ओळखीत कडक उपवास करणारी एकच मुलगी होती.

शिखर फार उंच होतं, उपवासाच्या मानानं बरंच जास्त. ते तिला दिसलं. पण नऊ दिवसांचा उपवास, वर तासन्‌तास तालीम, असं मनाशी म्हणून तिनं पडदा बंद केला. दुसऱ्या कुणाचं निरीक्षण असतं तर तिनं तीनदा तपासायला लावलं असतं.

संध्याकाळी पूर्वजा खोलीत लवकर आली. चेहरा वैतागलेला. मनवा तिची वाटच पाहत होती. चकती पुन्हा बसवलेली फुंकणी तिनं टेबलावर मधोमध ठेवली होती.

"ही ओळखतेस?"

"शार्दूलची आहे की."

"किती दिवस ओढतेयस?"

पूर्वजानं पिशवी खाली टाकली. "काय म्हणालीस?"

"यात तिसरा ठिपका आहे. मी चकती तपासली. ॲसिटोन आहे, भरपूर. ते उपाशी माणसाच्याच श्वासात एवढं येतं. आपल्यात उपाशी कोण आहे?" तिचा आवाज शांत होता. तो तसा राहावा म्हणून तिनं दुपारभर सराव केला होता. "मला फक्त खरं सांग. ओरडणार नाही मी."

 पूर्वजाचा चेहरा आधी लाल झाला आणि नंतर तिला हसू फुटलं. आवरेना.

"हसतेस काय?"

"अगं बाई, मी तिसऱ्याच दिवशी मिसळ खाल्लीय!"

"काय?"

"मिसळ. कट मागून मागून. वर तीन पाव." ती पलंगावर बसली. "चक्कर आली तालमीत, काय करू? तेव्हापासून रोज दोन वेळा जेवते मी कँटीनमागच्या खाणावळीत. आईला फोनवर सांगते, ताकावर आहे म्हणून. चप्पल तेवढी घातली नाही, देवीशप्पथ. तुझं ते काय ते, ॲसिटोन, माझं नाही. माझ्या तोंडाला कांद्याचा वास येईल."

"खोटं बोलू नकोस."

"आण इकडं." तिनं टेबलावरची नळी उचलली, ओठांना लावली आणि फुगा फुगवावा तशी जोरात फुंकली. "बघ तुझे ठिपके."

दोघी वाकून बघत राहिल्या. तिसरा ठिपका होता तसाच होता. त्याच्या खाली एक चौथा ठिपका लुकलुकायला लागला. नवीन व्यक्ती.

"झालं समाधान?" पूर्वजाचा हसण्याचा सूर आता गेला होता. "मैत्रीण म्हणवतेस आणि माझा श्वास तपासायला बसतेस. विचारायचं होतंस की सरळ. त्या शार्दूलला तरी विचारायचं होतंस. पण तो काय सांगणार! शुद्धीवर असतो कुठं हल्ली? अख्खा जार संपवतो तालमीत, दर प्रवेशाला मोरीकडं पळतो. पँटला सेफ्टी पिन लावलीय मी त्याच्या. परवा बसल्या जागी झोपला. आणि आज आलाच नाही. सर माझ्यावरच भडकले, जणू काही मीच..."

"आज आला नाही?"

"फोन उचलत नाही."

मनवानं मनात यादी केली. तहान, सारखं उठून जाणं, उतरलेलं वजन, झोप. दीड महिना यातली एकेक गोष्ट ती पुराव्यासारखी गोळा करत आली होती. शरीर उपाशी असलं की चरबी जाळतं. पण भरल्या पोटीही ते उपाशी असू शकतं. रक्तात साखर साचत राहते आणि ती पेशींच्या आत न्यायला इन्शुलिनच नसतं. हे तिनं बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी लिहून गुण मिळवले होते.

पहिला ठिपका मंद झाला होता, कारण तो माणूस आता तसा उरलाच नव्हता. त्याचा श्वास इतका बदलला होता की यंत्रानं त्याला दुसरंच कुणी समजून नवीन ठिपका दिला होता.

"गाडीची किल्ली घे," ती म्हणाली.

"काय झालं?"

"घे, पूर्वजा!"

शार्दूल राजारामपुरीत एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचा. घरमालकीण काकू जिन्यातच भेटल्या. "पित्त झालंय त्याला. सकाळपासून ओकतोय. म्हणाला झोपतो जरा. आणि ते तुमचं वाफेचं खेळणं जरा कमी करा म्हणावं, नुसता फळांचा वास भरलाय खोलीत."

मनवानं दार ढकललं. फुंकणी तिच्या पर्समध्ये होती. खोलीत वास होता तो शार्दूलचा.

तो पलंगावर आडवा होता आणि लांबून पळत आल्यासारखा खोल खोल श्वास घेत होता. हाक मारली तर डोळे अर्धेच उघडले. पूर्वजानं त्याला एका बाजूनं उचललं, मनवानं दुसऱ्या, आणि काकूंनी समोरचा रिक्षावाला ओरडून बोलावला. दवाखान्याच्या फरशीवर पूर्वजाचे अनवाणी, मळके तळवे उमटत गेले. मनवाला पुढं कितीतरी दिवस त्या प्रसंगातलं तेवढंच स्पष्ट आठवत असे.

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या. शार्दूलच्या सलाईनमधून इन्शुलिन सुरू झाल्यावर त्या बाहेर आल्या. "वाचला. आणखी काही तास गेले असते तर मी असं म्हणू शकले नसते." त्यांनी चष्मा काढला. "आम्ही शिकत होतो तेव्हा मधुमेहाचा असा झटका दारातूनच वासावर ओळखू यायचा. आता येणाऱ्या प्रत्येक पोराच्या तोंडाला आंबा नाहीतर अननस. आमची नाकंच बाद करून टाकलीत तुम्ही."

शार्दूल बोलायला लागला तेव्हा मनवा खुर्ची त्याच्याजवळ ओढून बसली. त्याच्या मनगटावर पट्टी होती. बोलता बोलता तो म्हणाला, "तो तिसरा ठिपका मीही बघितला होता. गणपतीतच."

"मग बोलला नाहीस?"

"मला वाटलं तू कुणाला दिलीस. त्या आधीच्या शनिवार-रविवारी तुझ्याकडंच होती ना फुंकणी. तुमच्या लॅबमधला तो उंच मुलगा..." तो ओशाळून हसला.

"आणि तसं वाटूनही ओढत राहिलास?"

 "चव फार चांगली होती गं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? इतकी चांगली आपली कधीच नव्हती."

 यंत्रानं काय केलं होतं हे मनवाला नीट समजत होतं. यंत्राला आजार कळत नव्हता. त्याला एक नवा श्वास मिळाला होता आणि त्यानं तो इमानानं, सोळा कुप्या पणाला लावून, गोड केला होता. शार्दूल आणि त्याचा आजार, यांची जोडचव. म्हणजे दुसरी कुणीतरी होतीच. मनवाचा संशय खोटा नव्हता. फक्त तिच्या झिंज्या धरता येणार नव्हत्या.

पूर्वजाची तिनं माफी मागितली. पूर्वजानं एक मिसळ आणि महिनाभर खोली झाडणं अशी शिक्षा दिली. एकांकिकेत शार्दूलच्या जागी दुसरा मुलगा उभा राहिला. मनवानं ती फुंकणी प्रयोगशाळेत नेऊन कुप्या रिकाम्या केल्या.

त्यानंतर भेट झाली की पहिली गोष्ट ठरलेली असे. मनवा नाक पुढं करायची. "फुंक."

"पोलीस आहेस का?"

"फुंक."

तो तिच्या चेहऱ्यावर श्वास सोडायचा. कधी चहाचा वास यायचा, कधी शेंगदाण्यांचा, कधी नुसताच माणसाचा. आधी ओळखीचा नसलेला तो वास तिला हळूहळू आवडायला लागला. येणारे-जाणारे हसायचे. संशयी बायको दारू तपासते, असं त्यांना वाटत असणार. ते अगदी चूकही नव्हतं.

दिवाळी होऊन थंडी पडली होती. रंकाळ्याच्या त्याच कठड्यावर तो थोडा उशिरा आला. गडबडीत होता, खूश होता. तिनं नाक पुढं केलं. तो हसत हसत जरा बाजूला फुंकला.

"नीट."

त्यानं श्वास सोडला. अगदी पुसट होता. भेळेच्या गाड्यावर कुणी फळ कापत असेल म्हणून तिनं वळून पाहिलं. तिथं फक्त कांदा होता.

"कुठं भेटतोस तिला?" मनवानं विचारलं.

त्यानं आधी न समजल्यासारखं केलं. मग खिशात हात घातला. नवीन फुंकणी होती, काळ्या रंगाची. "पूर्ण नाही चुकवत मी इन्शुलिन," तो म्हणाला. "थोडं कमी घेतो, ती चव येण्यापुरतं. एखाद्या दिवशी. या वेळी कालपासूनच. लगेच भरून काढतो, मनू. मला कळतं कुठं थांबायचं ते."

तिनं नळी हातात घेऊन फिरवली. दोन ठिपके होते. एक शार्दूलचा आणि दुसरा त्याच्या आजाराचा. तिसरा नव्हता. या यंत्राला मनवा माहीतच नव्हती.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिनं फुंकणी कठड्यावर ठेवली. त्याच्या पिशवीतून इन्शुलिनचं पेन काढलं आणि तेही फुंकणीच्या शेजारी ठेवलं, मध्ये वीतभर जागा सोडून. मग हात मांडीवर घेऊन बसली.

"असं काय करतेस?" शार्दूल म्हणाला. "घेतो ना मी."

"घे."

शार्दूलनं पेन उचललं. शर्ट वर करून पोटाला टोचलं, आणि हसून तिच्याकडं पाहिलं, जणू काही परीक्षा पास झाला होता.

पण हात आधी कुठल्या बाजूला वळला होता, ते मनवानं पाहिलं होतं.